चाकाला लावायचा दगड

मित्रांनो, मी दगड आहे. जुना आहे हे वेगळं सांगत नाही, कारण नवा दगड तुम्ही कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही. रंगाने काळा, वजनाला भरलेल्या कळशीइतका, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरता, पाचरीसारखा. माझं काम गाडीच्या चाकाला टेकून बसायचं. गाडीने जागचं हलू नये म्हणून मीही हलायचं नाही. एवढंच माझं आयुष्य होतं आणि मला ते पुरत होतं. पण गेल्या दोन हिवाळ्यांत माझ्या वाट्याला जे आलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही. लोक म्हणतात, दगडाला काही वाटत नाही. म्हणोत बापडे. मला जे वाटलं ते मी सांगणार आहे.

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकून आत वळलं की अर्ध्या तासात सांबरकडा दिसायला लागतो. त्याच्या पायथ्याला आमची वाडी, पंधरा-वीस घरांची. डांबरी रस्ता वाडीत येतो आणि तिथेच संपतो. पुढे पायवाट आणि डोंगर.

मी त्या सांबरकड्याचाच. वाडीपर्यंत रस्ता आणायचं ठरलं तेव्हा डोंगराची एक सोंड आडवी आली आणि माणसांनी तिला सुरुंग लावला. युगानुयुगं अंधारात निवांत पडलेल्या माझ्यासारख्याला एका सकाळी एकदम ऊन लागलं, तेही हवेत उडत असताना! तो माझा पहिला धक्का. मग घणाने फोडाफोडी सुरू झाली. एका मजूर बाईचा घाव माझ्यावर तिरका बसला आणि मला हा आकार आला. खडीसाठी मी मोठा, भिंतीसाठी वाकडा. तिने मला रस्त्याच्या कडेला ढकलून दिलं आणि कपाळाचा घाम पुसला. मला वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला उचललं ते वाडीतल्या रावजीच्या बापाने. त्यांच्या घरामागे उताराची जमीन आहे. तिच्यात भात पिकत नाही, गवत तेवढं वाढतं. अशा जमिनीला इकडे वरकस म्हणतात. हे वरकस बरंचसं सपाट आहे, पण त्याच्या कडेला एकदम उतार लागतो आणि तो उतार थेट खाली खळ्यात जातो. खळं म्हणजे भात झोडायची, शेणाने सारवलेली जागा. कापणी झाली की रावजीचा बाप भाताच्या पेंढ्यांनी भरलेली बैलगाडी या कडेवर आणून उभी करायचा आणि पेंढ्या वरूनच खाली टाकायचा. ओझी वाहायचा त्रास वाचायचा. पण भरलेली गाडी उतारावर उभी करणं म्हणजे खेळ नव्हे. खाली खळ्यात घरच्या बायका पाठमोऱ्या काम करत असायच्या. म्हणून चाकाला मी.

म्हातारा मला दोन्ही हातांनी उचलायचा, चाकाला नीट टेकवायचा, एकदा दाबून बघायचा आणि मगच बैल सोडायचा. एकदा कोणीतरी त्याला हसलं तेव्हा तो म्हणाला, "ह्यो दगड हाय म्हनून खाली पोरीबाळी बिनघोर काम करत्यात. नाय तर कोन उभं ऱ्हाईल तिथं?" मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. पण कसं वाटलं म्हणून सांगू! त्या संध्याकाळी गाडी जरा जास्तच जोरात रेटत होती आणि मी तसूभरही सरकलो नाही.

रावजीचं लग्न होऊन मनुबाई घरात आली ती अशाच भात झोडायच्या दिवसांत. बारीक अंगाची, पण आवाज असा की डोंगरावरची वानरं गप्प व्हायची. नवी सून म्हणून सासूने तिला सूप हातात दिलं आणि ती खळ्यात उभी राहिली, ती आजतागायत. भात उपणायचं कसब तिचंच. हिवाळ्यात सकाळी डोंगराकडून मतलई वारा सुटतो. त्या वाऱ्याकडे पाठ करायची, सूप डोक्याच्या उंचीवर धरायचं आणि भात हळूहळू खाली सोडायचं. फोल वाऱ्याबरोबर पुढे उडून जातं, दाणा पायाशी पडतो. ती उपणायला लागली की तिला मागचं काही दिसत नाही, आणि दाण्यांच्या आवाजात ऐकूही येत नाही. मी वरून बघायचो. ही अशी निर्धास्त उभी आहे ती माझ्या भरवशावर, हे तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मला ठाऊक होतं.

मग म्हातारा गेला. बैल विकले. गाडी मोडीत निघाली. पेंढ्या डोक्यावरून येऊ लागल्या आणि मी गवतात पडलो. किती वर्षं, ते मोजलं नाही. एक सरडा माझ्यावर ऊन खायला यायचा, तेवढीच सोबत. कोणी शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. दगडाच्या शेजारून माणसं वर्षानुवर्षं जातात आणि कोणाची नजर खाली वळत नाही, हे दुःख तुम्हाला कळायचं नाही.

आणि एका हिवाळ्यात माझ्यापुढे गाडी येऊन उभी राहिली! बैल नाहीत, जू नाही, नुसती गाडी. तिच्यातून चार माणसं उतरली. पाठीवर बोचकी, हातात काठ्या आणि पायात एवढाले बूट. डोंगर चढायला म्हणे! मी अवाक. सांबरकड्यावर लोक जायचे ते लाकडासाठी, नाही तर हरवलेली गाय शोधायला. नुसतं वर जाऊन खाली यायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात, हे मला आजही नीटसं पटलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दहा गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चाळीस. पावसात निसरडं होतं आणि उन्हाळ्यात कातळ भाजतो, म्हणून सगळी गर्दी थंडीत. रविवारी उजाडायच्या आत गाड्यांची रांग लागायची. रस्ता संपतो तिथे वळायलाही जागा नाही. मग काय गंमत सांगू! एकजण पुढे यायचा, दुसरा मागे जायचा, तिसरा मधेच अडकायचा. कोणी गोठ्याच्या दाराशी गाडी लावली, तर म्हैस आत आणि मालक बाहेर. एका गृहस्थांनी मनुबाईच्या वालाच्या शेतातच गाडी घातली. भात निघाल्यावर त्याच ओलीवर इकडे वाल लावतात. फुलावर आलेले वाल चाकाखाली गेलेले पाहून मनुबाईने जो आवाज लावला, त्यानंतर ते गृहस्थ पुन्हा सांबरकड्याला आले नाहीत.

रावजीला मात्र कोणाला नाही म्हणता येत नाही. देवमाणूस! दारात आलेल्याला परत पाठवायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. त्याने सरळ वरकस मोकळं केलं, गवत कापलं आणि गाड्यांना जागा दिली. रविवारी पहाटे कानटोपी घालून, हातात टॉवेल घेऊन तो उभा राहायचा. "येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगाला घे... बास!" गाडीवाले खूश. डोंगर उतरून आले की मनुबाईकडे गरम भाकरी खायचे, मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी मागायचे. सून रुचिका चुलीपाशी बसायची. घर गजबजून गेलं.

सपाट जागा भरली की कडेवरची जागा उरायची. खळ्याच्या बरोबर वरची. तिथे एखादी गाडी लावायची वेळ आली तेव्हा रावजीला बापाची आठवण झाली. गवतात शोधून त्याने मला बाहेर काढलं, माती झटकली आणि चाकाला टेकवलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगावर चाकाचा भार आला! मी अगदी धन्य झालो. रबरी चाक लाकडी चाकासारखं करकरत नाही, मऊ बसतं. पण भार तो भारच. आणि खाली खळ्यात मनुबाई पाठमोरी भात उपणत होती. माझं काम होतं तिथेच होतं.

असं दोन-तीन हिवाळे सुखाचे गेले. तक्रार एकच होती. लोक संध्याकाळी गाडी काढायचे आणि मला जिथल्या तिथे वाटेत टाकून जायचे. गवतात मी कोणाला दिसायचो नाही. एकदा एका गाडीचा खालचा पत्रा माझ्यावर असा आपटला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. रावजी म्हणाला, याला रंग लावायला हवा, म्हणजे लांबून दिसेल.

इथे माझ्या दुर्दैवाची सुरुवात झाली, आणि तीही चांगल्या हेतूने. वाडीच्या मारुतीला नुकताच शेंदूर चढवला होता. तेलात कालवलेला उरलेला शेंदूर डब्यात पडून होता. मनुबाई म्हणाली, "शेंदूर नको लावू. चुना लाव."

"चुना दंवात धुवून जातो," रावजी म्हणाला. "ह्यो बघ कसा झगझगीत दिसंल."

झगझगीत दिसलो खरा! अंगभर केशरी. मी स्वतःला पाहू शकत नाही, पण सरडा पळून गेला त्यावरून अंदाज आला.

पुढच्याच रविवारी पुण्याच्या एका बाई गाडीतून उतरल्या, माझ्याकडे पाहिलं आणि चपला काढून हात जोडले. माझ्यामागे कोण आहे ते मला वळून बघता आलं असतं तर मी बघितलं असतं. मागे कोणी नव्हतं. नमस्कार मलाच होता! त्यांनी केसातलं फूल काढून माझ्यावर ठेवलं. रावजी आधी हसला. "अवो, त्यो गाडीचा दगड हाय," असं सांगायला त्याने तोंडही उघडलं होतं. पण बाईंनी डोळे मिटलेले, चेहरा इतका शांत, की या भल्या माणसाच्याने ते बोलवेना. तो गप्प राहिला. ती त्याची चूक. आमच्या वाडीतच होऊ शकेल अशी चूक, कारण इथे कोणाचा नमस्कार मोडत नाहीत.

त्यानंतर कोणी हळद-कुंकू वाहिलं, कोणी उदबत्ती लावली. डोंगर चढण्याआधी नमस्कार केला की पाय दुखत नाहीत, असंही लोक एकमेकांना सांगू लागले. कोणी ठरवलं ते? मी तर नाही! मग एकाने नारळ फोडला. त्याच आठवड्यात रामचंद्रची, म्हणजे शेजारच्या घरधन्याची, हरवलेली गाय परत आली. ती डोंगरावर चरून पोट भरल्यावर आली होती, मी तिला येताना पाहिलं. पण रामचंद्रने रावजीला बाजूला घेतलं.

"ज्याच्यावर नारळ फुटला त्याला परत चाकाखाली घालतोस? वाडीला भोगावं लागंल."

रावजीच्या पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी त्याने ऐनाच्या झाडाखाली वीतभर उंचीचं मातीचं जोतं घातलं, मला उचलून त्याच्यावर बसवलं आणि लांब उभा राहून हात जोडले. ज्याने मला इतके हिवाळे उचललं, टेकवलं, शिव्यासुद्धा दिल्या, तो माणूस मला घाबरला! मित्रांनो, मला रडू आलं असतं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तो त्या दिवशी फुटायला हवा होता.

जोत्यावरून सगळं दिसत होतं, तेच वाईट. कडेवरची जागा, तिच्याखालचा उतार, उताराखालचं खळं. रावजीने शहाणपणा केला, ती जागा रिकामी ठेवायला सुरुवात केली. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. गाडीच नाही तर दगड कशाला? तो हिवाळा असाच पार पडला.

मग हा हिवाळा आला. डिसेंबरच्या शेवटच्या सुट्ट्या लागल्या आणि रविवारी गाड्यांना अंत राहिला नाही. वरकस भरलं, रस्त्याच्या दोन्ही बाजू भरल्या. आठच्या सुमाराला एक छोटी पांढरी गाडी आली. चालवणारी चौलची क्षिप्रा, अलिबागच्या शाळेत शिकवणारी. बरोबर शाळेतल्या तिघीजणी. तिने काच खाली केली. थंडीतही तिच्या कपाळावर घाम होता.

"काका, कुठेतरी जागा द्या हो. चौथी फेरी आहे माझी. या तिघींना मीच घेऊन आलेय, आता परत कशी नेऊ?"

रावजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नाही म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं आणि तिथेच विरघळलं. "ताई, एक जागा हाय कडेला. पन उतार हाय."

"चालेल. हँडब्रेक ओढते घट्ट."

मी हादरलो. नको, रावजी, नको! क्षिप्राने गाडी कडेवर नेली, तोंड खळ्याकडे. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. दोनच टकटक. इतक्या हिवाळ्यांत एवढं मला कळायला लागलं आहे, की चार-पाच टकटक झाल्या म्हणजे ओढ घट्ट. या दोनच झाल्या. गाडी गिअरमध्ये ठेवायची असते, तेही घाईत राहिलं. पण ती बाई हुशार. उतरून तिने उतार पाहिला, मग आजूबाजूला पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर आली.

"काका, तो दगड लावू का चाकाला? पाचरीसारखा आहे, बरोबर बसेल."

मित्रांनो, त्या गर्दीत मला ओळखणारी ती एकटी निघाली! ती दोन पावलं माझ्याकडे आलीसुद्धा.

रावजीने दोन्ही कानांना हात लावले. "अरे अरे, त्याला शिवू नको ताई! त्यो देव हाय."

"अगं बाई! माफ करा हां." बिचारी ओशाळली. लांबूनच तिने मला नमस्कार केला.

रावजी पडक्या विहिरीकडे गेला आणि जांभ्याच्या चिऱ्याचा एक तुकडा घेऊन आला. जांभा म्हणजे तांबडा, भोकाभोकांचा, मऊ दगड. भिंतीला चांगला. पण हा पावसाने कुजलेला, वर रात्रीच्या दंवाने भिजलेला. त्याने तो चाकाला लावला, वरून थोपटला आणि म्हणाला, "जावा आता बिनघोर." चौघीजणी हसत-बोलत डोंगर चढायला लागल्या.

खाली खळ्यात मनुबाई आली. पदर खोचला, सूप उचललं, वाऱ्याकडे पाठ केली. वाऱ्याकडे म्हणजे डोंगराकडे. डोंगराकडे म्हणजे गाडीकडे. तिच्या डाव्या हाताला न झोडलेल्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि पलीकडे रुचिका झोडत होती.

मी त्या चिऱ्यावरून नजर हलवली नाही. आधी त्याच्या कडेने तांबडा भुगा गळायला लागला, चिमूटभर. मग एक खपली सुटली. गाडी बोटभर पुढे सरकली आणि थांबली. रावजी पाठ करून दुसऱ्या गाडीला जागा दाखवत होता. "येऊ दे, येऊ दे." माझ्यापुढे दोघंजण हात जोडून उभे होते. मी ओरडत होतो, मित्रांनो. जेवढं दगडाला ओरडता येतं तेवढं ओरडत होतो, की माझ्या पाया पडू नका, तिकडे बघा! त्यांनी उदबत्ती लावली.

चिरा फुटला. फार मोठा आवाज नाही झाला. वाळलेली भाकरी मोडावी तेवढाच. आणि गाडी निघाली. इंजिन बंद, माणूस नाही, हॉर्न नाही. गवतावरून सरसर करत ती उताराला लागली आणि तिचा वेग वाढत गेला. मनुबाई डोक्यावर सूप धरून भात सोडत होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

रुचिकाने मान वर केली. "आई! आई, इकडं या!"

मनुबाईने सूप टाकलं आणि सुनेकडे वळली. मागे बघत बसली असती तर संपलंच होतं. ती रुचिकाच्या बाजूला झेपावली, पण गाडीचा कोपरा तिला लागलाच. ती पेंढ्यांवर फेकली गेली, गाडी त्याच रचलेल्या पेंढ्यांत घुसली आणि सगळा ढीग कोसळला. मग धूळ. धुळीतून काही दिसेना.

माझ्यापुढच्या माणसाच्या हातातली उदबत्ती खाली पडली. रावजी टॉवेल टाकून धावत सुटला, रामचंद्र त्याच्यामागे. रुचिका दोन्ही हातांनी पेंढ्या उपसत होती आणि "आई, आई" म्हणत होती. रावजी नुसता पेंढ्या फेकत होता. एक, दोन, दहा, वीस. आणि मी जोत्यावर, फुलांच्या माळेत!

मग ढिगाच्या आतून आवाज आला. "अगं, माझ्या पायावरून उठा आदी. मेले न्हाय मी."

रावजी तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मनुबाईला बाहेर काढलं. तिचा उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. चेहरा पांढराफटक पडला होता.

आता पुढचं ऐका. तिला अलिबागला न्यायचं तर गाडी हवी. वाडीत त्या दिवशी साठ गाड्या उभ्या होत्या! आणि दोन-तीन सोडल्या तर एकीचीही चावी खाली नव्हती. बाकीचे चावीवाले सांबरकड्यावर उभे राहून फोटो काढत होते. जे दोघं-तिघं नुकते आले होते त्यांच्या गाड्या इतरांच्या गाड्यांमागे अडकलेल्या. ज्या माणसाने साठ गाड्यांना जागा दिली, त्याच्या बायकोला न्यायला एक गाडी नाही. शेवटी रामचंद्रने मोटारसायकल काढली. मध्ये मनुबाई, मागे तिला धरून रुचिका, असे ते तिघं गाड्यांच्या रांगेतून वाट काढत गेले. खड्डा आला की मनुबाईचा आवाज इकडे ऐकू येत होता. हळूहळू तो लांब गेला.

दुपारी क्षिप्रा खाली आली. खळ्यातली आपली गाडी पाहून तिच्या हातातली काठी गळून पडली. काय झालं ते कळल्यावर ती रावजीचे पाय धरायला वाकली. "माझ्या हातून झालं, काका. ब्रेक मी नीट ओढला नाही." रावजीने तिला उठवलं. "तुजा काय दोस, ताई. चिरा मी दिलता." एवढं तरी तो खरं बोलला.

पण संध्याकाळी त्याने जे केलं त्याने मी जेवढा हादरलो तेवढा सुरुंगानेही हादरलो नव्हतो. तो नारळ घेऊन माझ्यापुढे आला. "तुज्या कुरपेनं वाचली," म्हणाला, आणि नारळ फोडला. माझ्यावर पाणी शिंपडलं आणि डोळे पुसले.

माझ्या कृपेने! अरे भल्या माणसा, मी इथे बसलो होतो म्हणून ती पडली! माझी जागा वीस पावलांवर मोकळी होती. मला कोणी शिवू नये म्हणून तू एका बाईला अडवलंस आणि तिच्या चाकाला कुजका चिरा लावलास. हे सगळं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे? होतं नव्हतं ते शेंदराने बुजलं होतं.

आठवड्याभरात बातमी पसरली, की सांबरकड्याच्या पायथ्याचा देव जागृत आहे, गाडीखाली आलेली बाई जिवंत निघाली. पुढच्या रविवारी डोंगर न चढणारे लोकही आले. गाड्या दुप्पट. आणि कडेवरच्या जागेत पुन्हा एक मोठी काळी गाडी लावलेली, चाकाला नवा चिरा. देव राखणारा आहे म्हटल्यावर भीती कसली! खाली खळ्यात उरलेलं भात रुचिका एकटी उपणत होती. डोंगराकडे पाठ करून.

त्याच सकाळी मनुबाई परत आली. हाताला प्लास्टर, हात गळ्यात बांधलेला. घरात न जाता ती आधी कडेवर गेली. काळी गाडी पाहिली, चिरा पाहिला, खाली सून पाहिली. मग माझ्यापुढची रांग पाहिली.

"हितं काय चाललंय?"

"तुला वाचिवलं त्येनं, मनू," रावजी हळूच म्हणाला. "पाया पड."

"मला पेंढ्यांनी वाचिवलं आन पोरीच्या हाकेनं. ह्यो कुठं हुता तवा?"

"हितंच की. जोत्यावर."

"आन चाकाला असता तर?"

रावजीने मान खाली घातली. मनुबाई म्हणाली, "उचल त्याला." रावजीचे हात पुढे आले आणि परत गेले. रामचंद्र दोन पावलं मागे सरला. खालून रुचिका धावत वर आली आणि पदर खोचून पुढे झाली. "मी उचलते, आई."

"तू नको. उद्या तुजं नख दुखलं तरी हे लोक म्हनतील, देवाला हात लावला म्हनून. माजं व्हायचं ते होऊन गेलंय."

पण एका हाताने मी उचलला जाणार नव्हतो. तिने मला नीट न्याहाळलं, माळ काढून ऐनाच्या फांदीला अडकवली, चप्पल बाजूला काढली आणि पाय माझ्या अंगावर टेकवला.

साऱ्यांच्या तोंडून एकदम "अगं अगं" निघालं. एका बाईने डोळे झाकले. रावजी नुसता हात वर करून उभा, जणू गाडी थांबवतोय. मनुबाई कोणाकडेही न बघता म्हणाली, "देव असंल तर आईच्या पायाचा राग धरनार न्हाय. आन दगड असंल तर कामाला लागंल." आणि तिने रेटा दिला.

मी जोत्यावरून खाली आलो. एक कोलांटी, दुसरी कोलांटी, ती मागून ढकलतेय, धापा टाकतेय, दुखऱ्या हाताला धक्का बसला की ओठ आवळतेय. वीस पावलं. शेवटी पुढच्या दुसऱ्या चाकाला लागलो. तिने एकदा पायाने दाबून पाहिलं. जांभ्याचा चिरा गाडीच्या भाराने चरचरत होता. थोड्या वेळाने तो फुटला, आणि ती सगळी काळी गाडी माझ्यावर येऊन टेकली. मी हललो नाही. रुचिका खाली गेली आणि तिने पुन्हा सूप उचललं.

मित्रांनो, तुम्हीही थंडीत कुठल्यातरी डोंगराच्या पायथ्याशी जागा शोधत फिराल. जागा मिळाली की वर बघण्याआधी एकदा उताराने खाली बघा, तिथे कोणीतरी पाठमोरं काम करत असेल. ब्रेक नीट ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि दुसऱ्याची वाट अडवून चावी वर नेऊ नका. आणि माझ्यासारखा कोणी दिसला, मग त्याला कोणीही कसलाही रंग लावलेला असो, तर नमस्कार करून पुढे जाऊ नका. त्याला चाकाला लावा. हाताने उचलला नाही तर पायाने ढकला.